आमची वाटचाल: बॅटऱ्या बदलणारे ते सर्व्हर बंद करणारे

सुरुवात भोसरीतल्या पत्र्याच्या गाळ्यात झाली, मी आणि माझा मावसभाऊ, काम एकच, यूपीएसच्या, म्हणजे लाइट गेली की सर्व्हर चालू ठेवणाऱ्या डब्याच्या, बॅटऱ्या बदलायच्या. तो गाडी चालवणार आणि मी मागे मांडीवर बॅटऱ्या घेऊन. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे आमचा खरा धंद्याचा दिवस. सर्व्हर रूममध्ये चप्पल बाहेर काढून जायचो आणि यूपीएसच्या पुढे पाऊल टाकायचो नाही.

ज्या दिवशी टाकावं लागलं तो पण गुरुवारच. एका कारखान्यात एचपीचा सी-७००० होता, १० यू (रॅकमधलं उंचीचं माप) उंचीचा डबा, त्यात १६ हाफ-हाइट ब्लेड, म्हणजे अर्ध्या उंचीचे पातळ सर्व्हर, बसतात, पुढे खाली ६ पॉवर सप्लाय आणि मागे १० पंखे. तीन सप्लाय एका यूपीएसवर, तीन दुसऱ्यावर. एक गेला तरी दुसरा आहे की, असं म्हणून आम्ही पहिला बंद करून बॅटऱ्या काढल्या. दुसरा बीप-बीप करायला लागला, मी म्हटलं करतो जरा कुरकुर, आणि स्पॅनर फिरवत राहिलो. पंधरा मिनिटांनी लाइट गेली आणि रूम एकदम गप्प. ती शांतता अजून कानात आहे.

झालं असं की आधी सहाच ब्लेड होते, मग वर्षा-दोन वर्षांत चौदा झाले आणि यूपीएस तेच राहिले. दोघांवर साधारण साठ-साठ टक्के लोड, एक काढला की दुसऱ्यावर एकशेवीस, तो ओव्हरलोड होऊन बायपासवर गेला म्हणजे थेट बाहेरच्या लाइटवर, तोच तो बीप, आणि लाइट गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंत बायपासला पण काही उरलं नाही. डब्याच्या स्क्रीनवर मात्र तोवर आम्ही बंद केलेल्या बाजूचे तीन सप्लाय गेलेले आणि बाकीचे तीन ओके. त्याला स्वतःचे सप्लाय दिसतात, मागचा यूपीएस किती दमाचा आहे हे त्याला कुठून कळणार. ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस पहाटे चारला उठला, आम्ही बिल लावलं नाही, आणि मालकांनी चहा पाजून सांगितलं की आता हे शिकूनच या.

शिकलो. आधी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ब्लेडच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेले सर्व्हर, बंद, त्यात डेटाबेसच्याही आधी त्यावरचं अ‍ॅप्लिकेशन पहिलं, डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा, शेवटी, मग होस्ट म्हणजे ब्लेड स्वतः, आणि डेटा जिथे साठवतात ते स्टोरेज सगळ्यात शेवटी. चालू करताना उलटं, नेटवर्कचा स्विच आणि स्टोरेज पूर्ण वर आल्याशिवाय ब्लेडला हात नाही. ब्लेडचं बटण एकदा दाबून सोडायचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नीट आवरून बंद होते, चार-पाच सेकंद दाबून धरलं तर तो गळाच दाबणं. आणि सगळे ब्लेड बंद केले तरी पंखे फिरतच राहतात, "साहेब, बंद झालंय ना, मग आवाज कसला?" हे प्रत्येक ठिकाणी ऐकतो. डब्याला स्वतःचं बटणच नाही, मागच्या केबल काढाव्या लागतात.

बिघाडाचं म्हणाल तर अर्ध्या वेळा सर्व्हरचा काही दोष नसतो. एका ठिकाणी एकच सप्लाय सारखा लाल व्हायचा, नवा मागवणारच होते, आमच्या पोराने शेजारच्या स्लॉटमधला त्याच्याशी अदलाबदल केला तर लाल लाइट स्लॉटलाच चिकटून राहिला, सप्लायबरोबर सरकला नाही. केबल ओढून बघितली तर सोळा अँपिअरच्या प्लगची पिन काळी पडलेली, सॉकेटला जळका वास. मीटर लावल्यावर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चौदा व्होल्ट, आम्ही दोन-तीनच्या वर गेलं की कान टवकारतो. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी आणि मीठ घातलं, न्यूट्रलचा ढिला स्क्रू आवळला, प्लग-सॉकेट बदललं, विषय संपला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्याकडे पोरांना पहिला धडा.

आता आम्ही अकरा जण आहोत. दिवाळीच्या प्लांट शटडाऊनमध्ये सर्व्हर नीट बंद-चालू करायला सगळेच बोलावतात, त्यामुळे लक्ष्मीपूजन घरी मिळालं तर नशीब. दसऱ्याला पण एक फेरी असते, कारण खंडेनवमीला लोक मशीनसारखा सर्व्हरला पण झेंडूचा हार घालतात, अगदी पुढच्या जाळीवर जिथून हवा आत जाते तिथेच. श्रद्धेला हरकत नाही हो, पण पाकळ्या आत खेचल्या जातात. मागच्या वर्षी सातव्या स्लॉटमधून चिमट्याने मूठभर काढल्या, तेव्हापासून हार रॅकच्या दारावर.