चोर्ला उतरून ल मांला

शनिवारी, १४ जून २०२५ला दुपारी बेळगावहून निघालो तेव्हा जांबोटीपर्यंत नुसती रिमझिम होती. कणकुंबी मागे पडली आणि ढग रस्त्यावरच उतरले. चोर्ला घाट मी वर्षातून चार-पाच वेळा उतरतो, पण पावसाळ्यातल्या पहिल्या खेपेला तो दर वेळी नवाच वाटतो. वळणावळणाला पाणी रस्ता ओलांडून दरीत जात होतं. खाली अंजुण्याचं धरण दिसतं त्या जागी नेहमी थांबतो. या वेळी तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं, म्हणून न थांबता केरीला उतरलो.

गोव्यात साखळीला, मामाकडे, साडेसातच्या आत पोहोचायचं होतं, कारण साडेसातला फ्रान्समध्ये दुपारचे चार वाजतात आणि ल मांची चोवीस तासांची मोटार शर्यत सुरू होते. (आपल्याकडे बरेच जण ले मान्स म्हणतात, मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो.) २०१२ साली आपला करुण चंधोक तिथे धावला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली, तेव्हापासून मी ही शर्यत चुकवलेली नाही. त्याच्या तीन वर्षं आधी नारायण कार्तिकेयनला संधी मिळाली होती. पण शर्यत सुरू होण्याआधीच पिटच्या (गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात त्या जागेच्या) भिंतीवरून पडून त्याचा खांदा निखळला आणि तो गाडीत बसूच शकला नाही. तो प्रसंग आठवला की मला अजून हळहळ वाटते.

दर वर्षी मी रात्रभर एकटा जागतो. या वेळी मामाकडे जायचं ठरवलं, ते मामीच्या एका वाक्यामुळे. मे महिन्यात फोनवर ती म्हणाली, "तुझा मामा अजून रात्री तीनला उठतो रे. उठतो आणि ओसरीवर बसून राहतो."

मामा वीस-बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवत होता. डिचोली-साखळीकडच्या खाणींवर खनिज भरायचं, मांडवीच्या काठच्या धक्क्यावर ओतायचं, रिकामा ट्रक घेऊन परत रांगेत लागायचं. तिथून बार्ज माल मुरगावला नेत. पैसे ट्रिपांवर, म्हणून सगळी घाई ट्रिपांची. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. मामाचा ट्रक दोन पावसाळे अंगणात उभा राहिला आणि मग गेला. आता तो बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवतो. काम दिवसाचं आहे, पण झोप अजून खाणीच्या वेळापत्रकावर आहे.

पोहोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. मामीने देवाजवळ दिवा लावला होता. फोनवरून टीव्हीला चित्र जोडलं तोवर ६२ गाड्या रांगेने येत होत्या. झेंडा हलवायला रॉजर फेडरर आला होता. मामाला टेनिसशी देणंघेणं नाही, त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ड्रायव्हर किती?"

"गाडीला तीन."

"आणि झोप?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. सांगितलं, एका ड्रायव्हरला सहा तासांच्या पट्ट्यात चार तासांहून जास्त चालवता येत नाही आणि सगळे मिळून चौदा तासांहून जास्त नाही. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा नियम बरा. आमच्यात असता तर दोघे-तिघे अजून जिवंत असते." त्यावर मी काही बोललो नाही, आणि त्यानेही पुढे काही सांगितलं नाही.

मैदानाची माहिती मी जमेल तशी देत गेलो. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. त्यातला मोठा भाग म्हणजे एरवीचा सरकारी रस्ता. म्युल्सानची सहा किलोमीटरची सरळ वाट हा ल मांहून तूर शहराला जाणारा साधा हमरस्ता आहे. १९८८ साली तिथे एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्यानंतर, १९९० साली, त्या सरळ वाटेत मुद्दाम दोन नागमोडी वळणं घातली. मामा पुढे सरकून बसला. "म्हणजे सोमवारपासून तिथून ट्रक जाणार?" जाणार, म्हटलं. हे त्याला सगळ्यात जास्त आवडलं. रात्रभरात निदान चार वेळा तो मामीला म्हणाला, "अगो, हा ट्रकचा रस्ता आहे."

गाडी निवडायला त्याला अर्धा तास लागला. मी वर्षानुवर्षं पोर्शेवाला. त्यांची ६ नंबरची गाडी पात्रता फेरीनंतर वजनात कमी भरली म्हणून बाद झाली होती आणि हायपरकार या सगळ्यात वेगवान गटात सगळ्यांच्या मागून, एकविसाव्या जागेवरून सुटली होती. मला तिची ओढ होती. मामाने ८३ नंबरची पिवळी फेरारी निवडली. कारण विचारलं तर त्याने अंगणात उभ्या असलेल्या पिवळ्या बालरथाकडे बोट दाखवलं.

जेवणात पेज होती, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर आणि भाजलेली बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या. मासेमारीबंदीच्या दिवसांत गोव्यातल्या घरात हेच जेवण, आणि बाहेर धो धो पाऊस असताना याच्यासारखं दुसरं नाही. या गाड्यांचं इंधन वाईन गाळून उरलेल्या चोथ्यापासून बनवतात, असं जेवताना सांगितलं. मामी हात थांबवून म्हणाली, "मग आमच्या बोंडूंच्या चोथ्यावर का नाही चालणार?" काजूच्या बोंडूंचा चोथा वाया जाताना ती लहानपणापासून पाहत आली आहे. प्रश्न तिने मनापासून विचारला होता आणि मला तो योग्यच वाटला.

अकराच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि पंखा, बस. मोबाइलची रेंजही इतकी बारीक झाली की चित्र येईना, नुसते आकडे येत होते. गाडीचा नंबर, फेरीची वेळ, पुढच्या गाडीपासूनचं अंतर. मला वाटलं आता मामा झोपायला जाईल. त्याने चष्मा काढून पुसला, फोन हातात घेतला आणि आकडे वाचू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "हा बघ, ह्याची दर फेरी सारखी पडते. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही. हा मुरलेला माणूस." मी नंबर पाहिला. ८३.

त्या गाडीतल्या तिघांपैकी एक रॉबर्ट कुबित्सा. त्याची गोष्ट मी त्या अंधारात सांगितली. फॉर्म्युला वनमधला पोलंडचा नावाजलेला ड्रायव्हर. २०११ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या एका छोट्या रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा त्याच्या गाडीत घुसला आणि उजवा हात जवळजवळ तुटलाच. तो हात पूर्वीसारखा झाला नाही. तरी २०१९ साली तो फॉर्म्युला वनमध्ये परतला. मग २०२१ साली ल मांला खालच्या गटात त्याची गाडी पहिली होती आणि शेवटच्या फेरीत बंद पडली. तेव्हा स्टीअरिंगवर होता चीनचा ये यिफेइ. चोवीस तास चालवायचं आणि शेवटच्या काही मिनिटांत गाडी थांबायची. आज तोच ये यिफेइ त्याच्याबरोबर याच पिवळ्या गाडीत होता, तिसरा इंग्लंडचा फिल हॅन्सन.

मामाने एवढंच विचारलं, "एका हाताने गियर?" गियर स्टीअरिंगमागच्या पट्टीने पडतात, म्हटलं. तो स्वतःच्या उजव्या हाताची मूठ उघडमीट करत राहिला.

दीडच्या सुमारास वीज आली, तेव्हा तिकडे नुकता सूर्य मावळत होता. आपली रात्र अर्धी सरली आणि त्यांची आत्ता सुरू झाली. अंधारात दिव्यांच्या रेघा झाडांमधून धावत होत्या. कुठे अपघात झाला की तेवढ्याच भागात वेग ८० वर आणतात. सगळ्या गाड्या तिथे शिस्तीत हळू होतात आणि पुढे पुन्हा सुटतात. मामा म्हणाला, उसगावच्या रस्त्याला असं कुणी केलं असतं तर. तीन वाजता तो नेहमीसारखा टक्क जागा होता, मी मात्र पेंगत होतो. डोळे उघडले तेव्हा सहा वाजले होते, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत होता आणि अंगावर मामीची गोधडी होती. साखळीत उजाडलं होतं, ल मांला अजून रात्रीचे अडीच. "तुझी सहा नंबरची वर सरकते आहे," मामा म्हणाला. त्याने पाहत राहून माझ्या गाडीचाही हिशेब ठेवला होता.

पोई (गोव्याचा पाव) आणि पातळ भाजी खाऊन आम्ही बाहेर पडलो. होंड्यावरून पिसुर्ल्याच्या बाजूला, जिथून मामाचा ट्रक जायचा. मी चालवत होतो, तो बाजूला बसून फोनवरचे आकडे सांगत होता. लाल मातीचे डोंगर आता आकेशियाच्या झाडीने झाकले आहेत. एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात हिरवट पाणी साचलं होतं, इतकं खोल की पाऊस पडूनही वर तरंग दिसेना. मामाने गाडी थांबवायला सांगितली, उतरला, छत्री न उघडताच उभा राहिला. इथे रांग लागायची, म्हणाला. पहाटे चारला येऊन नंबर लावायचा. उन्हाळ्यात धुळीने पुढचा ट्रक दिसायचा नाही, त्याच्या ब्रेकचा लाल ठिपका तेवढा दिसायचा. या धुळीने गावाचं काय केलं तेही तो बोलला. शेतं लाल झाली, विहिरी गेल्या. आपण तो ट्रक चालवला हे त्याने लपवलं नाही आणि त्याची सबबही दिली नाही. मला ही दोन वाक्यं मंदिरं-धबधब्यांपेक्षा जास्त लिहावीशी वाटतात, म्हणून हरवळ्याच्या धबधब्याबद्दल इतकंच की तो भरून वाहत होता.

दुपारी ५१ नंबरची फेरारी पिटमध्ये शिरतानाच गिरकी घेऊन वाळूत गेली आणि मामाची पिवळी पुढे आली. शेवटचे तास कुबित्साच्याच हातात होते. मागून माझी ६ नंबरची पोर्शे. मी कुणाच्या बाजूने होतो ते मला शेवटी सांगता आलं नसतं.

साडेसात वाजले. मामी दिवा घेऊन आली आणि दिवा हातात तसाच धरून टीव्हीसमोर उभी राहिली. ३८७ फेऱ्या, म्हणजे ५,२०० किलोमीटरहून जास्त, आणि दोन गाड्यांत अंतर १४ सेकंदांचं. "ट्रकचा मागचा फाळका उघडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो," मामा म्हणाला. कुबित्सा गाडीतून बाहेर आला तेव्हा मामा त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होता.

त्या रात्री मामा साडेनऊला झोपला. तीनला उठला की नाही, मला माहीत नाही. मी झोपलो होतो.

सोमवारी सकाळी बालरथ काढायच्या आधी त्याने माझ्या गाडीच्या काचेवर तंबाखूचं पान चोळलं, म्हणजे पाणी काचेवर थांबत नाही. म्हणाला, "धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे जाऊ नकोस, पुता. तो चुकला की तूही चुकतोस. कडेची पांढरी रेघ धर." मग हॉर्न देऊन पिवळी गाडी वळणावर दिसेनाशी झाली. केरी सोडल्यावर घाटात धुकं लागलं, तशी मी रेघ धरली. कणकुंबीला उघडीप मिळाल्यावर त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. मुलं गाडीत असली की तो फोन उचलत नाही.