मोफत लस, पण कोणत्या वेळी?

एखादे रुग्णालय आसपासच्या लोकांना फ्लूची लस मोफत देऊ लागले की मला मनापासून आनंद होतो, आणि पाठोपाठ दोन प्रश्न पडतात: ती कोणत्या महिन्यात दिली जाणार आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून लशीत कोणते प्रकार असावेत, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. त्यामुळे गेल्या वर्षीच्या लशीवर यंदा विसंबता येत नाही. शिवाय टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा शिबिर साथीच्या आधीच व्हायला हवे.

वेळेचा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. केवळ सकाळच्या वेळात दिलेली लस रोजंदारीवर जगणाऱ्याला मोफत पडत नाही, कारण तिच्यापायी त्याची मजुरी बुडते. तेच टेबल संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी मांडले, तर कामावरून परतणारा माणूस थांबू शकतो आणि वृद्धांना खोकणाऱ्या रुग्णांच्या गर्दीतून आत जावे लागत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहील अशी शीतपेटी सोबत असली की परिचारिकेला हे काम बाहेरही नीट करता येते. दंडाच्या स्नायूत लहानशी सुई, वर कापसाचा बोळा, आणि मग काही वेळ बाकावर बसून राहायचे. त्या वेळात लोक हमखास विचारतात की लशीमुळेच फ्लू होतो का. टोचून देण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित एखादा दिवस कणकण वाटते, एवढे तिथेच शांतपणे सांगणारे कोणी असावे, कारण भिंतीवरच्या फलकापेक्षा समोरच्या परिचारिकेचे बोलणे लोकांना पटते.

गरोदर स्त्रियांना तर तपासणीच्या दिवशीच लस मिळावी. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही; आईने गरोदरपणी ती घेतली, तर जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही संरक्षण मिळते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक दिवसाचे शिबिर अपुरे पडते. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच ही लस घेत असेल, तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलाच्या कार्डावर दुसरी तारीख लिहून द्यावी आणि तेवढ्या मात्रा आधीच बाजूला काढून ठेवाव्यात.