न दुखणारा पाय

वारीला निघण्याआधी चार महिने मी परळच्या एका पायांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवत, लागला की हो म्हणा, एवढेच म्हणाल्या. दहा ग्रॅम दाब पडला की हा तंतू वाकतो. तेवढाही स्पर्श ज्याला कळत नाही, त्या पायाला जखम झाली तरी कळेलच असे नसते. उजव्या पायाला मी प्रत्येक वेळी हो म्हणाले. डाव्या पायाशी बराच वेळ काहीच होईना, म्हणून डोळे उघडून पाहिले, तर अंगठ्याच्या मुळाशी तंतू टेकून वाकलेला होता. चौदा वर्षांच्या मधुमेहाने माझ्या नकळत काय नेले होते, ते मला तिथे समजले.

वारीला जाऊ नका, असे त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अंगठ्याखालचा घट्टा त्यांनी पात्याने थराथराने उतरवला, कारण घट्ट्याच्या आत जखम चिघळत राहते आणि वरून काही दिसत नाही. पायाचा ठसा घेऊन एमसीआर या मऊ रबराचा तळ करून दिला. दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यायचे. नखे सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. टाचांना तेल लावायचे, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, कारण तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. आणि गरम पाण्यात पाय सोडून बसणे कायमचे बंद, कारण असल्या पायाला चटकाही कळत नाही. आईसारखी तूप लावून काशाची वाटी फिरवू का, असे मी विचारले. कातडी शाबूत असेल तर हलक्या हाताने फिरवा, असे उत्तर मिळाले. नव्या बुटांची सवय व्हावी म्हणून मी पहाटे लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जाऊ लागले; आधी फक्त जाताना, पुढे येतानाही.

आळंदी, पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी. नीरास्नानापर्यंत माझे पाय कोरडे होते आणि रोज रात्री तळावर मी आरशात तळवे पाहत होते. मोजे बदलायला थांबले की दिंडीतले एक गृहस्थ म्हणत, माउलींवर भार टाका, ते चालवतील. त्यांच्या भावाविषयी मला आदर आहे, तरी ते वाक्य तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा मला संताप आला होता. तरडगाव सोडल्यावर पावसाची मोठी सर आली, मोजे भिजले आणि वीणेकरी पुढे गेले. आपण मागे पडू, या भीतीने मी थांबले नाही. फलटणपर्यंतची ती दुपार मी टाळांच्या ठेक्यावर चालले, आणि खरे सांगते, इतके मोकळे मला त्या वारीत पुन्हा वाटले नाही. काहीही दुखत नव्हते.

मागून येणाऱ्या परभणीकडच्या एका बाईंनी माझा दंड धरला. "माउली, बुटातून लाल पाणी येतंय की." त्यांनी मला बाभळीखाली बसवले, स्वतःच्या तांब्यातले प्यायचे पाणी आधी आपल्या हातांवर आणि मग माझ्या पायावर ओतले, धुवट सुती पातळाचा पदर खाली धरला आणि माझा तळवा आपल्या मांडीवर घेतला. त्यांची दिंडी निघून गेली. मी तीनदा म्हटले, तुम्ही जा. त्यांनी पाय सोडला नाही. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आरोग्य पथकातला एक तरुण आला. त्याने खाऱ्या निर्जंतुक पाण्याने जखम धुतली, फोडाची सुटी कातडी कापून न टाकता तशीच जखमेवर बसवली, न चिकटणारी पट्टी लावली आणि भार जखमेवर न येता भोवताली यावा म्हणून मधे भोक असलेली जाड गादी चिकटवली. मग म्हणाला, आता ट्रक.

बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही वाट मी सामानाच्या ट्रकमधून पाहिली. पहिल्या दिवशी रडले. दिंड्या खालून चालल्या होत्या आणि मी गाठोड्यांवर बसले होते. विठ्ठलावर रागावले, आणि रागावूनही त्याचेच नाम घेत राहिले. रोज जखमेचा फोटो परळला पाठवत होते.

त्या बाई मात्र दर संध्याकाळी आमची राहुटी शोधत येत आणि बॅटरीच्या उजेडात माझा तळवा पाहत. दुसऱ्या रात्री मी त्यांचे पाय पाहिले. रबरी चपलांमध्ये त्यांच्या टाचांना बोटाचे नख शिरेल इतक्या खोल भेगा पडल्या होत्या आणि त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. माझ्याजवळ मालवणहून आलेला भिरंडेलाचा गोळा होता. तो पातळ करून मी त्यांच्या भेगांत भरला, वर सुती मोजे चढवले. हे कसले मेण, असे त्यांनी विचारले. कोकमाच्या बियांचे, असे सांगितल्यावर त्या गोळ्याचा वास घेत राहिल्या.

वाखरीपासून पंढरपुरापर्यंत चालायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. जखमेवर नवी गुलाबी कातडी आली होती. निघताना उरलेला गोळा मी त्या बाईंच्या पिशवीत टाकला, आणि त्यांनी माझा आरसा मागून घेतला.