तीन फुटांवरची रेघ

इंदूर हे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली या क्रिकेटपटूंचे गाव. त्यामुळे १९८७ साली शाळेत टेनिसची रॅकेट घेऊन येणारा मुलगा मी एकटाच होतो. क्लबचे सभासदत्व वडिलांना परवडणारे नव्हते, तेव्हा आमच्या क्रीडाशिक्षकांनी प्रयोगशाळेमागची भिंत मला नेमून दिली. जाळ्याची मध्यावरची उंची तीन फूट असते, म्हणून तेवढ्या उंचीवर ते खडूने रेघ ओढत आणि तिच्या वर सलग पन्नास फटके लागल्याखेरीज मला घरी सोडत नसत; एकोणपन्नासावा चुकला, की पुन्हा एकपासून. पावसाने रेघ पुसली, की दुसऱ्या दिवशी सर टेप घेऊन हजर असत.

अकरावीत निवड चाचणीच्या पहिल्याच फेरीत हरलो आणि रॅकेट माळ्यावर टाकली. सर रागावले नाहीत. "रेघ ओढून ठेवतो," एवढेच म्हणाले. मी गेलो नाही.

२७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नला भारताच्या रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी ७-६, ७-५ अशी जिंकली, तेव्हा त्याचे वय ४३ होते आणि दोनच दिवसांनी तो दुहेरीतला जगातला अव्वल खेळाडू ठरला. पण मला त्या करंडकापेक्षा त्याआधीची वर्षे मोठी वाटतात. २०१० साली अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात दोन्ही सेट ६-६ अशा बरोबरीनंतरच्या टायब्रेकवर गेले आणि हातचे निसटले. २०२३ साली तिथेच पुन्हा अंतिम फेरीत हार झाली. मधल्या काळात, २०२१ साली, कित्येक महिने एकही सामना जिंकता न आल्यामुळे तो खेळ सोडण्याच्या विचारात होता. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार पद्धतीच्या योगाने त्याने पायांत पुन्हा बळ आणले. दुहेरीला दुय्यम मानणाऱ्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. जोडीदार बदलत असताना, शरीर कुरकुरत असताना वीस वर्षांहून अधिक काळ पहिल्या फेरीपासून पुन्हा उभे राहणे म्हणजेच सरांचे 'पुन्हा एकपासून' होते. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली, त्या संध्याकाळी मला सरांची फार आठवण झाली. ते आता हयात नाहीत.

शाळेच्या महोत्सवाच्या तयारीसाठी तिथे गेलो, तेव्हा भिंतीला नवा रंग दिलेला दिसला. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन टेपने तीन फूट मोजले आणि या वेळी रेघ ऑइलपेंटने ओढली. दर रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे असतो. सध्या सहावीतल्या दोन मुली येतात, आणि त्यांतल्या एकीची मजल परवा एकतीसपर्यंत गेली.