बर्डीची टेकडी ते गाविलगड: नागपूरकर भोसले आणि कंपनीच्या लढाया-तहांच्या मागावर

सीताबर्डीचा किल्ला सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस बघायला मिळतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एरवी तो लष्कराच्या ताब्यात असतो. त्यामुळे बर्डीवर आयुष्यभर खरेदी केलेले कितीतरी नागपूरकर त्या टेकडीवर कधी चढलेलेच नसतात. तिन्हींपैकी निवडायचा तर जानेवारीचा दिवस निवडा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना उघड्या टेकडीवर इतिहास सुचत नाही, रसवंती सुचते. ऑगस्टमध्ये पावसाचा भरवसा नसतो.

आम्ही प्रजासत्ताक दिनाला गेलो. मी, माझी बायको आणि तेल्हाऱ्याहून मुद्दाम आलेले मामा. मेट्रोने झिरो माइल किंवा सीताबर्डी स्टेशनला उतरलात तर गाडी लावायची कटकट वाचते, आणि त्या दिवशी ती कटकट मोठी असते. आधार कार्ड जवळ ठेवा, मोठ्या पिशव्या घरी ठेवा, फोटो कुठे काढायचे आणि कुठे नाही ते जवानांना विचारा. प्रवेशाची वेळ आदल्या दिवशीच्या पेपरात बघून घ्या. आत जाण्याआधी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाऊन घ्या. मामांनी दोन प्लेटा खाल्ल्या आणि "आता चाल, इंग्रज पाहू" म्हणाले.

किल्ल्यात शिरण्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. १८१७ साली लढाई झाली तेव्हा इथे किल्ला नव्हता. होत्या त्या दोन उघड्या टेकड्या, एक मोठी, एक लहान, आणि मोठीच्या पश्चिम पायथ्याशी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटाचा, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या तिच्या वकिलाचा, बंगला. आज दिसणारा तट लढाईनंतरचा, इंग्रजांनी बांधलेला. तट बघत फिरू नका. कडेला उभं राहून पूर्वेकडे, महालाच्या दिशेला बघा. भोसल्यांचं शहर तिकडे होतं, फौज तिकडून आली.

मामांचा पहिला प्रश्न होता, "हे इंग्रज इथं बंगला बांधून राहूनच कायले रायले होते बे?" प्रश्न बरोबर होता आणि उत्तर लांबलचक. नागपूर आणि कंपनी हे शेजारी झाले ते नागपुरात नाही, ओडिशात. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर इतक्या वेळा गेल्या की कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच मराठा खंदक. १७५१ च्या तहात बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, ओडिशा भोसल्यांकडे सोडला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. सुवर्णरेखा नदी सरहद्द ठरली. पुढे नदीपलीकडचा बंगाल कंपनीच्या घशात गेला. तेव्हापासून नदीच्या एका काठावर नागपूर आणि दुसऱ्या काठावर कलकत्ता. चाळीसेक वर्षं हे शेजारी कुरबुरत, चौथाईवरून हुज्जत घालत, पण मोठी लढाई न करता राहिले. या काळाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण त्याचं स्मारक नाही.

सीताबर्डीच्या लढाईची हकीकत मात्र टेकडीवरच ऐकण्यासारखी आहे. मे १८१६ मध्ये, तेव्हा कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फौज कंपनीची, तिचा खर्च नागपूरचा: वर्षाला साडेसात लाख. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत गादीवरचे परसोजी मारले गेले आणि आप्पासाहेब राजे झाले. मग ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्याने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. त्याच महिन्यात आप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली सेनासाहेब सुभा या किताबाची वस्त्रं दरबार भरवून स्वीकारली. रेसिडेंट जेनकिन्सने काय ते ओळखलं आणि छावणीतली फौज टेकड्यांवर आणून बसवली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कंपनीकडे जेमतेम तेरा-चौदाशे माणसं, तीही बहुतेक मद्रासचे शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार. नागपूरकडे सुमारे १८ हजार, त्यात पगारी, कसलेले अरब शिपाई. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर फिरवली. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने मूठभर घोडेस्वार घेऊन खालच्या मैदानात हल्ला केला आणि दोन तोफा हिसकल्या. ते बघून वरच्यांना धीर आला. तेवढ्यात लहान टेकडीवर दारूचा स्फोट झाला, अरबांची फळी विस्कटली आणि टेकडी पुन्हा कंपनीची झाली.

"अठरा हजार होते ना आपले? मग बाकीचे काय करून रायले होते?" मामा चिडलेच. खरी मेख तिथेच आहे. लढाई चालू असताना आणि हरल्यावरही आप्पासाहेब रेसिडेंटाला कळवत होते की हल्ला माझ्या हुकमाने झालेला नाही. राजाच अर्ध्या मनाने लढत असेल तर अठरा हजारांतले किती जीव द्यायला पुढे येणार? पराभवाचं खापर नुसतं स्फोटावर किंवा फितुरीवर फोडणं मला पटत नाही.

किल्ला बघायला दोन तास पुरतात. तिथून सरळ सक्करदऱ्याला जा, अंतर फार नाही. डिसेंबरात कंपनीच्या जनरल डोव्हटनची ताजी फौज आल्यावर आप्पासाहेब रेसिडेन्सीत जाऊन कंपनीच्या स्वाधीन झाले. तोफा गुपचूप सोपवायचं ठरलं होतं. पण १६ डिसेंबरला फौज पुढे सरकताच त्याच तोफा धडाडल्या आणि सक्करदऱ्याच्या बागांमध्ये लढाई झाली. आज तिथे तलाव, वस्ती आणि रहदारी आहे. बघण्यासारखं थोडंच, दिशा कळण्यापुरतं जा.

महालातला गांधी गेट मात्र चुकवू नका. हाच जुना जुम्मा दरवाजा, शुक्रवारी तलावाच्या काठचा. राजा स्वाधीन झाल्यावरही शहरातले अरब हटले नाहीत. २४ डिसेंबरला कंपनीने या दरवाज्यावर हल्ला चढवला आणि मार खाऊन मागे फिरली. शेवटी अरबांशी बोलणी करून त्यांना आपलं सामानसुमान आणि हत्यारं घेऊन जाऊ द्यावं लागलं. नागपूरच्या बाजूने या युद्धातला सगळ्यात ताठ कण्याचा क्षण हाच, आणि त्याच्याखालून दिवसभर ऑटो जातात. दरवाजा सकाळी लवकर बघा, नंतर मान वर करायला जागा मिळत नाही. तिथून पायी भोसल्यांच्या वाड्यापर्यंत जाता येतं. वाड्यात कुटुंब राहतं, तेव्हा बाहेरून बघा.

आप्पासाहेबांचं पुढे काय झालं? मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना अटक करून अलाहाबादकडे रवाना केलं. वाटेत जबलपूरच्या बाजूला पहारेकऱ्यांना फोडून ते निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि शेवटी जोधपूरला पोचले. तिथल्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं नाही. १८४० मध्ये ते तिथेच वारले.

दुसऱ्या टप्प्यासाठी गाडी हवी. नागपूर ते चिखलदरा अमरावती-परतवाड्यावरून सुमारे २३० किलोमीटर. पहाटे निघा, पण थंडीत घाटात धुकं असतं, तेव्हा घाट उजाडल्यावरच चढा. पेट्रोल आणि पाणी परतवाड्यात भरून घ्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला जाऊ नका, गड राहील बाजूला आणि दिवस गाड्यांच्या रांगेत जाईल.

गाविलगडाला निदान तीन तास द्या. पाय घसरणार नाही असे बूट घाला, गवत उंच असतं. मामा इथे खुलले, कारण तेल्हाऱ्याजवळचं अडगाव हे त्यांचं पंचक्रोशीतलं गाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्लीने तिथे दुसऱ्या रघूजींच्या भावाचा, व्यंकोजींचा पराभव केला. त्याआधी सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसले दोघांचाही झाला होता. उरलेली फौज या गडावर आली. दक्षिणेची बाजू कड्याची, म्हणून वेलस्लीच्या जोडीच्या कर्नल स्टीव्हन्सनने तोफा जंगलातून ओढत उत्तरेला आणल्या. आपण चिखलदऱ्याहून जातो तेही त्याच अंगाने. बाहेरचा तट फुटला, पण आतला किल्ला दरीपलीकडे. तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या माणसांनी शिड्या लावून भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. ही दरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय या लढाईतलं काहीच समजत नाही. आत उतरताना आमचीच दमछाक झाली, वरून गोळ्या येत नसताना.

गड पडला १५ डिसेंबरला, देवगावचा तह झाला १७ ला. कटकसह ओडिशाचा किनारा कंपनीला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला. म्हणजे आपला अर्धा वऱ्हाड गडावरच्या एका लढाईनंतर दोन दिवसांत कागदावर गेला. माझं म्हणणं असं की नागपूरचं राज्य लढायांपेक्षा तहांनी जास्त खाल्लं: १८०३, १८१६, १८१८. आणि १८५४ ला तर लढाईही लागली नाही. आदल्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक नाकारला आणि राज्य खालसा केलं.

बांकाबाई इथेच येतात. दुसऱ्या रघूजींची ही विधवा. १८१८ नंतर इंग्रजांच्या संमतीने लहान राजाच्या नावाने दरबारात वजन राखून होती, १८५७ मध्ये तिने नागपूर शांत ठेवलं. म्हणून काळ्या मारबतीत, म्हणजे मिरवणूक काढून जाळायच्या पुतळ्यात, लोक तिला बघतात आणि दरवर्षी जाळतात. पण खालसाविरुद्ध लंडनपर्यंत वकील पाठवून भांडली तीही बांकाबाईच. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग जाळता कायले तिले?" मी म्हटलं, मामा, ते मिरवणुकीत विचारू नका.

मारबत बघायची असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला या. काळी आणि पिवळी मारबत इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, तिथे उभं राहायला सकाळीच एखाद्या दुकानाचा ओटा पकडा. दुकानदाराला आधी विचारा, चपलांऐवजी बूट घाला, पाकीट पुढच्या खिशात ठेवा, आणि गाडी बर्डीलाच सोडा, कारण दुपारपर्यंत तिकडे गाडी शिरत नाही.