यूएल्म बघायचं तर वरून खाली

ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावात १४३७ च्या परवान्याने उभं राहिलेलं एक आम्सहाउस आहे, म्हणजे गरीब वृद्धांसाठी धर्मादाय बांधलेली घरं. त्यात आजही माणसं राहतात. शेजारी त्याच दात्यांची शाळा, तीही चालू. चर्च, घरं आणि शाळा एकाच उतारावर एकाखाली एक आहेत. रस्त्याने येणाऱ्याला आधी शाळा लागते, पण तिथे रेंगाळू नका. थेट वर चर्चमध्ये जा, कारण हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते तिथे कळतं.

सफोकचा अर्ल विल्यम द ला पोल आणि त्याची बायको अ‍ॅलिस, हे ते दाते. अ‍ॅलिस ही कवी जेफ्री चॉसरची नात. त्यांनी तेरा गरीब पुरुषांची आणि दोन पाद्र्यांची सोय केली. अट अशी की या तेरा जणांनी रोज चर्चमध्ये येऊन दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. मेल्यावर आत्म्याला शुद्धीसाठी यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या हलक्या होतात, ही तेव्हाची पक्की श्रद्धा. म्हणजे दानधर्म खराच, पण व्यवहारही चोख! छप्पर आमचं, प्रार्थना तुमची.

चर्चच्या दक्षिण बाजूचं सेंट जॉन चॅपल याच प्रार्थनांसाठी होतं. चॅपल आणि मुख्य वेदीकडचा भाग यांच्या मधोमध अ‍ॅलिसची अलाबास्टर या मऊ, पांढुरक्या दगडाची कबर आहे. ती १४७५ मध्ये वारली. वरची मूर्ती शांत, हात जोडलेले, डाव्या हातावर गार्टर या सरदारी सन्मानाचा पट्टा. आता गुडघ्यावर बसा आणि खालच्या जाळीतून आत बघा. तिथे तीच अ‍ॅलिस प्रेतरूपात आहे: कफन सुटलेलं, गालफडं बसलेली, बरगड्या वर आलेल्या. त्या प्रेताच्या डोक्यावरच्या छताला चित्रं काढलेली आहेत, आणि ती बघायची तर जमिनीवर आडवंच व्हावं लागतं. फक्त त्या दगडी प्रेतालाच दिसावीत अशी ही चित्रं! टॉर्च न्याच, मोबाइलचा चालतो.

चर्चच्या पश्चिम टोकाकडून पायऱ्या उतरल्या की थेट आम्सहाउसचा चौक. पावसातही म्हाताऱ्यांची प्रार्थना चुकू नये याची ही तजवीज, असं मला तरी वाटतं. लाकडी चौकटीत विटा भरलेल्या, चारी बाजूंनी ओसरी. या भागात त्या काळी वीट दुर्मीळच. द ला पोल घराण्याच्या पूर्वेकडच्या मुलखात मात्र ती रुळलेली होती. १५४७ मध्ये मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या चँट्री संस्था कायद्याने बंद झाल्या. यूएल्मच्या प्रार्थनेचा हेतू संपला, घरं मात्र टिकली.

चौकात हळू बोला. ही राहती घरं आहेत, तेव्हा खिडकीतून डोकावणं किंवा दारासमोर उभं राहून फोटो काढणं नको. शाळा बाहेरूनच बघायची, तीही मुलांची ने-आण चालू नसताना, शनिवार-रविवार उत्तम. ती सबंध विटांची आहे, आणि उंच धुराडी रस्त्यावरूनही नीट दिसतात.

वेळ उरला तर गावातल्या वॉटरक्रेसच्या वाफ्यांकडे जा. खडूच्या टेकड्यांतून झिरपणाऱ्या नितळ पाण्यावर इथे वॉटरक्रेस या पालेभाजीची शेती चालायची. बेन्सनचा हवाई तळ जवळच असल्याने हेलिकॉप्टरांची घरघर अधूनमधून ऐकू येते. मध्ययुगात रमलेल्याचा तेवढा रसभंग होतो.

मोटार नसेल तर वॉलिंगफर्ड किंवा बेन्सनपर्यंत बसने येऊन पुढे चालत जाता येतं. वॉलिंगफर्डहून अंतर साधारण तीन मैल. रस्ते अरुंद आणि बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, म्हणून शक्यतो पायवाटांनी जा; पावसाळी दिवसांत चिखल चुकत नाही, बूट तसेच घाला. चर्चमध्ये लग्न किंवा प्रार्थना असेल तर कबरीपर्यंत जाता येत नाही, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचा कार्यक्रम बघून घ्या.