940 किलो

शनिवार, रात्री

आज एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, माझी माझदा रोडस्टर, दोन आसनी उघडी गाडी, नापास झाली. ब्रेक ठीक, दिवे ठीक, धूरही मर्यादेत. पण दोन्ही दारांखालचे सिल, म्हणजे कडेचे पोकळ पत्र्याचे पट्टे, मागच्या चाकांपाशी आतून सडलेत. तपासणाऱ्यानं हत्याराच्या टोकानं दाबलं तर रंगाचा पापुद्रा सरळ आत गेला आणि तांबूस चुरा खाली पडला. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा असा कुजला असेल, तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा इथला नियम. नियम योग्यच आहे. पक्कं छप्पर नसलेल्या गाडीचा बराचसा ताठपणा या सिलच्याच जोरावर असतो.

पाणी कुठून येतं हे या गाडीच्या मालकांना पाठ असतं. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. नळीत पानं-माती अडकली की ते सिलमध्येच मुरतं. वर शेफील्डचा हिवाळा आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. 1990 ची गाडी, हिरोशिमात बनलेली, युनोस रोडस्टर या नावानं जपानमध्येच विकली गेलेली. तिकडेही स्टेअरिंग उजवीकडेच, म्हणून अशा कितीतरी गाड्या पुढे ब्रिटनमध्ये आल्या.

गॅरेजमधल्या म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. दोन्ही बाजू कापून नवा पत्रा जोडायचा म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च. त्यापेक्षा सुटे भाग करून विका, वर उघडणारे हेडलॅम्प, सीटा, गिअरबॉक्स, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. माणूस भला आहे, माझ्या खिशाचा विचार करूनच बोलला. तरीही ते ऐकवेना. अशा हिशेबानंच या गाड्या एकेक करून संपत चालल्यात. एक तुटते, तिच्या भागांवर दुसरी चार वर्षं चालते, मग तीही तुटते.

जेवण झाल्यावर तिची कागदपत्रं काढून बसलो. वजन 940 किलो. या आकड्यासाठी किती माणसं झिजली असतील! बॉब हॉल हा अमेरिकन पत्रकार सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझदाच्या केनिची यामामोटोंना म्हणाला की साधी, हलकी, उघडी स्पोर्ट्स कार आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. त्या सुमाराला ब्रिटिश रोडस्टर मरत होत्या; एमजीबीचं उत्पादन 1980 मध्ये थांबलं. पुढे हॉल स्वतःच माझदात गेला. कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत टॉम मातानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकार दिला, हिरोशिमात तोशिहिको हिराई यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. मातानो 2025 च्या सप्टेंबरात गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी उगाचच गाडीवरचं कव्हर काढून पाच मिनिटं तिच्याजवळ उभा होतो.

इंजिन 1.6 लिटरचं. ताकद आजच्या साध्या हॅचबॅकएवढी. पण गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत, अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, त्यामुळे पाय दाबला की मधे कुठे ढिलाई लागत नाही, लगेच चाकं उत्तर देतात. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं. पुढचं-मागचं वजन जवळजवळ समसमान. माझ्या गाडीला पॉवर स्टेअरिंगही नाही. भाकरी थापताना आईच्या तळव्याला जसं पीठ कळतं, तसा या स्टेअरिंगमधून हाताला रस्ता कळतो: कुठे ओल आहे, कुठे खडी सुटली आहे, पुढच्या चाकाची पकड कधी सुटू पाहतेय. शेफील्डहून ग्लॉसॉपकडे जाणाऱ्या स्नेक पासवर सकाळी लवकर, टप उघडा ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेताना वेग कायद्याच्या आतच असतो, आणि तरी दुसरं काही हवंसं वाटत नाही. ताशी दीडशेला जाऊन जे इतर गाड्यांत मिळत नाही ते इथे साठलाच मिळतं. याचं श्रेय मी इंजिनाला देत नाही, वजनाला देतो.

म्हणून नव्या मॉडेलच्या बातम्या वाचताना मी आधी किलो बघतो. चौथी पिढी 2015 पासून विक्रीत आहे. दहा वर्षं म्हणजे गाडीच्या मॉडेलला म्हातारपणच. तरी तिचं कौतुक वाटतं: एअरबॅग, अपघाताचे कडक निकष, सगळं सांभाळून जपानमधलं सर्वांत साधं मॉडेल तेव्हा 990 किलोंचं होतं. पंचवीस वर्षांत फक्त 50 किलो वाढले. पण यापुढे काय? 2023 च्या टोकियोच्या प्रदर्शनात माझदानं आयकॉनिक एसपी नावाची दोन आसनी संकल्पना मांडली, बॅटरीवर चालणारी, जोडीला वीज बनवायला रोटरी इंजिन. दिसायला इतकी देखणी की मुलीनं तिचा फोटो भिंतीवर लावला. वजन सुमारे 1450 किलो. म्हणजे माझ्या गाडीवर आणखी अर्धी गाडी. दुसरीकडे स्कायॲक्टिव्ह-झेड या नव्या पेट्रोल इंजिनाचं काम चालू आहे, 2027 चं उद्दिष्ट सांगितलंय. ते रोडस्टरला मिळालं तर आशा आहे. पण ब्रिटनमध्ये 2030 नंतर निव्वळ पेट्रोलवरच्या नव्या गाड्या विकायला बंदी येणार आहे, आणि माझदा ही काही पैशानं गडगंज कंपनी नव्हे. चौथ्या पिढीच्या वेळी फियाटची 124 स्पायडर त्याच सांगाड्यावर, हिरोशिमाच्याच कारखान्यात बनत होती. असा जोडीदार पुन्हा मिळेल का?

अशा बाकीच्या हलक्या गाड्या तर बंदच झाल्या. टोयोटाची एमआर-एस 2007 ला, होंडाची एस2000 2009 ला, लोटसची एलिस 2021 ला. एलिस सुरुवातीला 725 किलोंची होती. तो आकडा आता कोणी गाठेल असं मला वाटत नाही.

मध्यंतरी एकानं सुचवलं होतं, हिलाच बॅटरी बसव. लोक बसवतात, चांगली बसवतात. हवेचा विचार केला तर ते पटतंही. रोजच्या कामाला मी इलेक्ट्रिक गाडीच वापरतो आणि समाधानी आहे. पण हिच्यात जो गुण आहे तो हलकेपणाचा, आणि बॅटरी नेमकी तोच खाणार.

सांगलीला न्यायचा विचारही करून झालाय. निवृत्तीनंतर आंबोलीचा घाट, पावसाळा सरल्यावरचा, ही गाडी आणि मी. पण तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही, आणि दुर्मिळ म्हणून सवलत हवी तर ती पन्नास वर्षांची असावी लागते. तिची पन्नाशी 2040 मध्ये! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, तिथंच नीट ठेव की. इथं धुळीत त्या बिनटपाच्या गाडीचं काय करणार तू?" त्याआधीचा टप्पा चाळिशीचा. इथे चाळीस वर्षं झालेल्या गाडीला रस्ता कर माफ होतो, लंडनच्या धूर-निर्बंधांतूनही सूट मिळते. म्हणजे अजून पाचेक वर्षं हिला धडधाकट ठेवायची आहे.

दहा वाजता मुलगी खाली आली, टेबलावर पसरलेले कागद पाहून म्हणाली, "बाबा, विकणार नाही ना?" ती पंधरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातली बहुतेक मुलं ऑटोमॅटिकवरच शिकणार म्हणतात. तशी परीक्षा दिली की क्लचची गाडी चालवायचा परवानाच मिळत नाही. भागांची मला फार काळजी नाही. माझदानं 2017 मध्ये पहिल्या पिढीच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली, टपाचं कापड आणि मूळ नमुन्याचे ब्रिजस्टोनचे टायरसुद्धा पुन्हा तयार करवून घेतले. भाग मिळत राहतील. चालवणारे मिळायला हवेत. ती मॅन्युअलवरच शिकायचं म्हणते. हट्टानं म्हणते. मला ऐकून फार बरं वाटलं.

सोमवारी गॅरेजला फोन करायचा. नुसतं ठिगळ नको, सडलेला भाग पूर्ण कापून दोन्ही बाजूंना नवे सिल, आतून मेणाचा थर, आणि मागच्या चाकांवरच्या कमानीही उघडून बघा म्हणून सांगायचं. यंदाची डिसेंबरची सांगलीवारी पुढे ढकलावी लागेल. बायकोशी बोललो, आईला उद्या सांगतो. पाणी उतरायच्या नळ्या मात्र मी स्वतः साफ करणार, दर महिन्याला, आणि मुलीलाही दाखवणार कुठून तार घालायची ते.